घरच्या डांगी गायी ठेवाव्यात की विकून संकरित घ्यावी?

आवणीवाला:

नमस्कार मंडळी. आमचं गाव इगतपुरी तालुक्यात आहे. पावणेतीन एकर जमीन, बहुतेक सगळी उतारावरची भातखाचरं. वडिलांकडे आमच्या भागातल्या डांगी या देशी जातीच्या चार गायी, एक बैलजोडी आणि दोन लहान गोऱ्हे आहेत. वडिलांच्या गुडघ्यांनी आता दगा दिलाय, रानात जनावरांमागे फिरणं त्यांना होत नाही. मी सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरीला, रोज जाऊन येऊन. गोठ्याचं सगळं आई आणि माझी बायको बघतात.

मेहुण्याचं म्हणणं, सगळी डांगी विका आणि दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी घ्या. दुधाची गाडी आमच्या फाट्यावर येते. आमच्या गायी वासरू पाजून दीड-दोन लिटर देतात, तेही सहा-सात महिने. वडील ऐकायला तयार नाहीत. ते म्हणतात, या पावसात दुसरं जनावर टिकून दाखव. दोन शेजाऱ्यांनी वेगळंच सुचवलं, एकाने गीर, दुसऱ्याने खिल्लार.

मला नुसत्या लिटरवर ठरवायचं नाही आणि नुसत्या मायेवरही नाही. ज्यांनी डांगी पाळलीय किंवा पाळून सोडलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


संगमनेरी:

आमच्याकडे नऊ संकरित गायी आहेत, त्यामुळे मी माझ्या बाजूने लिहितो. बरी व्यायलेली एचएफ संकरित गाय सुरुवातीला दिवसाला बारा-पंधरा लिटर देते. तुमच्या चारही डांगी एकाच वेळी दुधात असल्या तरी मिळून तिच्या निम्म्याच्या आसपासच येतात. दर दहा दिवसांनी हातात पैसा येतो, मुलांची फी भरता येते, सोसायटीचं कर्ज फिटतं. देशी गायीचं कौतुक ऐकायला बरं वाटतं, पण घर चालवायला रोख लागते.

आता दुसरी बाजू. दर पडला की आम्ही मरतो. 2024 मध्ये सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं, यावरून काय परिस्थिती होती ते समजा. पेंडेचं पोतं, मुरघास, डॉक्टर, औषध, सगळं विकत. मका किंवा हत्तीगवत घरचं नसेल तर दूध धंद्यात पडू नका. पावणेतीन एकर भातातून तुम्हाला मिळणार पेंढा, आणि पेंढ्यावर एचएफ दूध देत नाही. चाऱ्यासाठी अर्धा एकर आणि उन्हाळ्यात पाणी असेल तर मेहुण्याचं ऐका. नसेल तर मला तरी हिशोब बसत नाही.


रतनगड_पायथा:

भाऊ, मी अकोले तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हापासून डांगीच्याच गोठ्यात आहे. सासऱ्यांच्या वेळी मोठा कळप होता, आता पाच गायी, एक वळू, एक जोडी आणि वासरं.

आधी जनावर कसं आहे ते सांगते, कारण गीर आणि खिल्लार सुचवणाऱ्यांनी आपला पाऊस धरलेला नाही. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्या घाटघरच्या अंगाला त्याहून जास्त. आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. गाय संध्याकाळी रानातून येते तेव्हा तिच्या पाठीवर हात फिरवून बघ. हाताला तेलकट लागतं. पाणी केसांवर थेंब धरून घसरून जातं, कातडीपर्यंत पोचत नाही. गोठ्यात शिरून तिने एकदा अंग झटकलं की चूल पेटेपर्यंत पाठ कोरडी. नंतर खूर बघ. काळाभोर, कठीण, दोन फाळ्यांच्या मधे फट नाही. दिवसभर चिखलात आणि कातळावर चालूनही तो मऊ पडत नाही. ही दोन लक्षणं ज्या गायीत नाहीत तिला रंगावरून कुणी कितीही डांगी म्हणो, मी घेत नाही.

खिल्लार देखणं आहे, चपळ आहे, पण ते माणदेशाचं, सोलापूर-सांगलीकडच्या कोरड्या माळाचं जनावर. गीर सौराष्ट्रातली. दोघींना त्यांच्या मुलखात तोड नाही. आपल्या चिखलात त्यांना का कुजवायचं?

माझ्या थोरल्या जावेने संकरित गाय आणली होती. पहिल्याच श्रावणात खुराच्या बेचक्यात कुजलं, पाठोपाठ कासेला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली. डॉक्टर राजूरहून यायचे, आणि वाटेत दरड पडली की तेही नाहीत. एक सड कायमचा गेला. ती गाय वाईट नव्हती. चांगली जात, मऊ स्वभावाची, संगमनेरला असती तर भरपूर दूध दिलं असतं.

आता कामाचं. चिखलणीला बैल कसा लागतो हे तुझ्या वडिलांना विचार. गुडघाभर चिखलात, वरून पाऊस, बांधाच्या वळणावर जागच्या जागी फिरणारा. डांगी बैल धावत नाही, सावकाश चालतो, पण सकाळी जुंपला की दुपारपर्यंत त्याची चाल बदलत नाही. आमच्या वरच्या टप्प्यातल्या खाचरांची रुंदी इतकी कमी आहे की ट्रॅक्टर उतरतच नाही आणि पॉवर टिलर चार माणसांनी उचलून बांधावरून न्यावा लागतो. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो. नंबर लागेपर्यंत रोपं वाढून जातात. घरची जोडी असली की पाऊस लागेल त्या दिवशी चिखलणी होते. भाताच्या उताऱ्यात हा फरक दिसतो, पण दुधाच्या वहीत तो कुणी लिहीत नाही.

राबाचंही तसंच. रोपाची जागा भाजायला शेण, पालापाचोळा, गवत लागतं. शेण नसेल तर राब कच्चा राहतो, तण माजतं. खाचरात खत जातं तेही याच गोठ्यातलं.

दूध आम्ही विकत नाही. घरात लागतं तेवढं ठेवून बाकीचं विरजतो. तूप ओळखीतली घरं आधीच सांगून ठेवतात. त्यावर घर चालत नाही, हे मी स्पष्ट सांगते. डांगीचा फायदा असा की ती खिशातून काही काढायला लावत नाही. पावसाळाभर रानात चरते, नंतर पेंढा आणि डोंगरातलं कापून ठेवलेलं गवत खाते. पेंडेचं पोतं आमच्या घरात फक्त व्यायलेल्या गायीसाठी आणि आवणीतल्या बैलांसाठी येतं.

पण एक अट ध्यानात ठेव. खाचरं टिलरला देणार असशील आणि बैल नुसता पोळ्याला सजवायला ठेवणार असशील तर डांगी ठेवू नको. ती कामाची जात आहे. काम काढून घेतलं की उरतं दीड लिटर दूध, आणि मग तुझा मेहुणा जिंकला.


गोठाभेट:

मी पशुसंवर्धनात काम करतो, त्यामुळे थोडे आकडे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या माहितीनुसार डांगी गायीचं एका वेताचं दूध सरासरी 430 किलोच्या आसपास आहे, फॅट 4.3 टक्के. पण कमीत कमी 175 आणि जास्तीत जास्त 800 अशी नोंद आहे. माझ्या मते सरासरीपेक्षा हा विस्तार महत्त्वाचा आहे. एकाच जातीत, साधारण त्याच रानावर, एक गाय दुसरीच्या चौपट देते, याचा अर्थ निवडीला भरपूर वाव आहे आणि ती निवड दुधासाठी कुणी नेटाने केलेली नाही. पिढ्यान्पिढ्या लोकांनी बैल बघून वळू ठेवला. मावशींनी सांगितलेली कातडी आणि खूर त्यातूनच टिकले.

कमकुवत बाजूही मांडतो. डांगी कालवड उशिरा माजावर येते, पहिलं वेत चार वर्षांच्या पुढेच जातं. तोवर ती नुसती खाते. संकरित कालवड तीन वर्षांच्या आत-बाहेर विते. वेतांमधलं अंतरही डांगीत जास्त पडतं. यातला काही भाग जातीचा आहे, काही आपल्या सांभाळण्याचा. उन्हाळ्यात चारा संपतो, गाय हाडं दाखवायला लागते, अशा गायीला माज येणार कुठून? क्षार मिश्रण आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर जंताचं औषध एवढं केलं तरी माजात फरक पडतो.

आणि देशी जनावराला रोग होत नाही हे कुणी डोक्यात घेऊ नका. 2022 मध्ये लम्पी आली तेव्हा देशी जनावरंही दगावली. लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांची टोचणी डांगीलाही वेळेवर हवी. रानात चार गावांची गुरं एकत्र येतात, तिथे तर जास्तच.

गीरच्या रेतमात्रेबद्दल (कृत्रिम रेतनासाठीचं वीर्य), कारण आजकाल सगळे तेच मागतात. डांगी गायीला गीर भरवलं तर कालवड कदाचित थोडं जास्त दूध देईल. पण पावसात टिकणारी ठेवण पुढच्या पिढीत राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. डांगीच्या रेतमात्रेची तालुक्याच्या दवाखान्यात आधी मागणी नोंदवून ठेवा. मागणीच आली नाही तर त्या ठेवणार कशाला?


घोटीबाजार:

सगळे गायीबद्दल बोलतात, बैलाच्या बाजाराबद्दल कुणी बोलत नाही. मी वडिलांबरोबर लहानपणापासून जनावरांच्या बाजारात उभा राहिलोय, म्हणून लिहितो.

डांगीचा सगळा हिशोब गोऱ्ह्यावर होता. गाय दूध कमी देईना का, पण दर दीड वर्षाला वासरू देते. खोंड झाला की शिकवून विकायचा. जव्हार, मोखाडा, शहापूरकडून गिऱ्हाईक यायचं. बैल थकला की बाजारात जायचा, आलेल्या पैशांत थोडी भर घालून नवी जोडी यायची. हे चक्र फिरायचं ते म्हाताऱ्या बैलालाही काहीतरी किंमत होती म्हणून.

गायीच्या कत्तलीवर राज्यात 1976 च्या कायद्याने आधीच बंदी होती. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले, आणि मे 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. श्रद्धेचा भाग मी मानतो, माझ्याही घरात बैलाची पूजा होते. पण त्या दिवसापासून थकलेल्या बैलाचा सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर आला. घ्यायला कुणी नाही, ठेवायला चारा नाही. मग लोकांनी गोऱ्हा वाढवणंच सोडलं. गोऱ्हा नको म्हणजे गाय नको. ज्या जातीचं मोल बैलात होतं तिला हा फटका सगळ्यात जास्त बसला.

खिल्लार त्यातून सावरलं, कारण 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा मान्य केला आणि चांगल्या खोंडाचे भाव कुठच्या कुठे गेले. डांगी शर्यतीला पळत नाही. तिच्यासाठी असा कुठला आधार उभा राहिला नाही. 30 सप्टेंबर 2024 ला सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि गोशाळांना दर गायीमागे दिवसाला 50 रुपये देण्याचा निर्णय झाला. गोशाळांना मिळू दे, तिथेही थकलेली जनावरं आहेत. पण जो माणूस पावसात घोंगडी घेऊन रानात या गायीमागे उभा असतो, त्याच्या गोठ्यात यातलं काही येत नाही. जात टिकवतोय तो, मदत हवी त्याला.

आवणीवाला, तुम्ही ठेवणार असाल तर गोऱ्ह्यांचं काय करणार ते आधी ठरवा. नाहीतर पाच वर्षांनी गोठ्यात कामाची दोन आणि बसून खाणारी चार असं होईल.


रतनगड_पायथा:

घोटीबाजार म्हणतात ते खरं आहे. आमच्या दावणीलाही एक थकलेला बैल आहे. शेण देतो, पेंढा खातो, आम्ही त्याला कुठे पाठवणार नाही. पण असे तीन झाले तर हिवाळ्यातलं गवत फाल्गुनातच संपेल, हेही खरं.

आम्ही काय करतो ते सांगते. गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा झाला की त्याला थोरल्या बैलाच्या जोडीला लावून मऊ रानात शिकवायचं. आधी नुसतं जू मानेवर, मग लाकडाचा ओंडका ओढायला, मग नांगर. शिकलेला खोंड आणि न शिकलेला खोंड यांच्या किमतीत खूप अंतर पडतं, आणि शिकलेला कामाच्या घरीच जातो. राजूरला हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथे खरं गिऱ्हाईक भेटतं. आजही. पूर्वीएवढी गर्दी नाही, पण जे येतात ते खुराला हात लावून बघणारे असतात.

आता मला जे खटकतंय ते. भाऊ, तू लिहिलंस की गोठा आई आणि बायको बघतात. मेहुणा बोलला, वडील बोलले, शेजारी बोलले. त्या दोघींना विचारलंस का?

संकरित गाय म्हणजे पहाटे पाचला धार, संध्याकाळी पाचला धार, वर्षभर. माहेरी लग्न असो की घरात ताप असो. वैरण कापून आणायची, कुट्टी करायची, गोठा दोनदा धुवायचा, दुधाची किटली फाट्यापर्यंत न्यायची. तू सिन्नरला असणार. डांगीला काम नाही असं मी म्हणत नाही, शेण काढणं आहे, गवत कापून आणणं आहे. पण आमच्या वाडीत सगळ्यांची गुरं मिळून राखायला पाळी असते. आठ घरं, आठ दिवसांनी आमची पाळी. सकाळी दावं सोडलं की संध्याकाळपर्यंत बाईचे हात मोकळे. आवणीच्या दिवसांत तेच दोन हात खाचरात लागतात. तुमच्या गावात अशी पाळी किंवा गुराखी अजून आहे का ते बघ. वडिलांच्या गुडघ्याचा प्रश्नही त्यातच सुटेल. ते मोडलं असेल तर मात्र डांगी सांभाळणं अवघड आहे, कारण ती दाव्याला बांधून ठेवायची गाय नाही.


संगमनेरी:

मावशी, पटलं. माझ्याकडेही धार आईच काढते. आम्ही मशीन घेतलं तेव्हा तिच्या बोटांचं दुखणं थांबलं, पण मशीन नऊ गायींवर परवडतं, दोनवर नाही. म्हणजे दोन संकरित गायींत कष्ट पूर्ण आणि सोय शून्य. करायचंच तर पाच-सहा करा, नाहीतर करू नका.


आवणीवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर आई आणि बायकोला समोर बसवून विचारलं. बायको म्हणाली, दूध फाट्यावर न्यायचं काम आपल्यावर पडणार असेल तर ती आधीच नाही म्हणते, पावसात तो उतार रोज दोनदा होणार नाही. आईचं म्हणणं, गायी चार नकोत, दोन पुरे.

गावात पाळी आहे, पण घरं कमी झालीत. पाच घरांची गुरं जातात. उन्हाळ्यात चाऱ्याला पाणी नाही, विहीर चैत्रात तळ गाठते, त्यामुळे संगमनेरींची अट आम्ही पूर्ण करू शकत नाही. टिलर आमच्या खालच्या दोन खाचरांतच जातो. वरची सगळी बैलावर.

म्हणून ठरवतोय असं: दोन गायी आणि जोडी ठेवायची. बाकीच्या दोन गायी मोखाड्याच्या मामांकडे द्यायच्या, त्यांच्याकडे रान आहे आणि माणसंही. गोऱ्हे वडील बसल्या जागेवरून शिकवतील, हाकायला मी रविवारी. आता एवढंच सांगा, चारांतल्या दोन निवडायच्या कशा? आणि गावात वळू उरलेला नाही, जो येतो तो कुणाचा कोण माहीत नाही.


गोठाभेट:

ज्या गायींनी नेमाने वासरं दिलीत त्या आधी बाजूला काढा. वेतांमधलं अंतर आईला तोंडपाठ असेल, तेच लिहून काढा. मग दूध. वासरू पाजून उरलेलं नव्हे, महिन्यातून एक दिवस दोन्ही वेळा पूर्ण धार काढून मोजा आणि वहीत तारीख टाका. त्या दिवशी वासराला त्यातूनच पाजा म्हणजे ते उपाशी राहणार नाही. मामांनाही त्यांच्या दोघींचं हे करायला सांगा, मग चारही गायी तुमच्या नोंदीत राहतील. कानात बिल्ला नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून घ्या, नोंद त्या नंबरवर करा.

वळूबद्दल एकच पथ्य. आणलेला वळू त्याच्याच मुलींवर जाऊ द्यायचा नाही. त्याच्या कालवडी माजावर यायच्या आत तो दुसऱ्या गावाशी बदला.


रतनगड_पायथा:

नोंदी कर, पण निवडताना भर पावसात गायीच्या पाठीवर हात ठेव आणि खूर उचलून बघ. दूध थोडं कमी असलं तरी चालेल, हे दोन्ही चांगलं असलेली ठेव. मोखाड्याला द्यायच्या गायी आवणी झाल्यावरच पाठव, आत्ता शेण राबाला लागेल.

वळूसाठी आमचा आहे. रंगाने बहाळा, चार वर्षांचा, शांत, पोरंसुद्धा त्याला पाण्यावर नेतात. त्याची आई आमच्याच गोठ्यात आहे, तिची कास तू येऊन बघ आणि मग ठरव. गाय माजावर आली की वेळ फार कमी असतो, गाडीत घालून इकडे आणणं जमणार नाही. त्यापेक्षा भात काढून झालं की वळूच तीन-चार महिने तुमच्या वाडीत राहू दे. पाच घरांनी मिळून चारा द्या, गावातल्या बाकीच्या डांगी गायीही त्यालाच दाखवा. पैसे नकोत. त्याच्या कालवडींतली एखादी दोन वर्षांनी मला बघायला आवडेल, पटली तर बाजारभावाने घेईन.

यायच्या आधी वडिलांनाही घेऊन ये. गाडी थेट अंगणापर्यंत येते, त्यांना चढावं लागणार नाही.